आरोपीच्या हाती टाळ

विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात भांडण आणि भजन यांच्यात फार तर एका स्टेशनाचं अंतर असतं. नालासोपाऱ्याला "आत सरका की, दारात काय मुक्काम ठोकलाय?" असं म्हणून जिने माझ्या माहेरच्या संस्कारांची जाहीर चौकशी केली, तीच बाई वसई रोड सुटता सुटता पर्समधून टाळ काढते, डोळे मिटते आणि असा सूर लावते की मघाची ती हीच का, असा प्रश्न पडावा. भांडणाची पट्टी काळी दोन, भजनाचीही काळी दोन. बदलतात ते फक्त शब्द. आणि नीट कान दिला तर तेही फारसे बदलत नाहीत.

आमच्या डब्यातल्या भजनाचं वेळापत्रक पश्चिम रेल्वेपेक्षा काटेकोर आहे. रूपाचा अभंग खाडीच्या पुलावर, गवळण बोरिवलीच्या आसपास, भैरवी दादरच्या आत. मधे गाडी सिग्नलला अडकली तर एखादं जादा कडवं. १८६७ साली विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली तेव्हा दिवसाला एकच गाडी होती म्हणे. त्या गाडीत भजन होतं की नाही, याची नोंद कुठे नाही. पण बसायला जागा मिळाली असणार, म्हणजे भजनाची गरज पडली नसणार. माणूस उभा राहिला, घामाघूम झाला, चौघांच्या कोपरांमध्ये अडकला, की मगच त्याला पांडुरंग आठवतो.

भजनाच्या म्होरक्या ज्या आहेत त्यांना सगळ्या जणी ताई म्हणतात. चर्चगेटला सरकारी कचेरीत आहेत, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत, आणि आवाज असा की जाळीपलीकडच्या पुरुषांच्या डब्यातलं भजन आपोआप खाली येतं. या ताईंचा हातखंडा गवळणीत. आता गवळण म्हणजे मुळातच तक्रार. गोकुळातल्या बायका यशोदेच्या दारात जाऊन उभ्या राहतात आणि तुझ्या पोराने माठ फोडला, वाट अडवली, दही सांडलं, असा पाढा वाचतात. यशोदा हे आपलं प्रभाग कार्यालय. तीही "बघते हं, विचारते त्याला" एवढंच म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी माठ पुन्हा फुटतो. एवढ्या शतकांत एकाही गवळणीचं निवारण झाल्याचं ऐकिवात नाही, तरी गवळणी चालू आहेत.

ताईंनी या जुन्या खात्यावर नवी उचल सुरू केली. एकदा बोरिवली गेल्यावर चाल तीच राहिली आणि शब्द असे आले:

यशोदे, कान्ह्याला तुझ्या आवर गं बाई,
रजेचा अर्ज माझा दडविला गं बाई!

बायांनी "दडविला, दडविला" असं झील धरून असं काही उचललं की पलीकडच्या डब्यातूनही कोणीतरी "वाह!" म्हणालं. हा कान्हा म्हणजे ताईंचे साहेब, हे डब्यात सगळ्यांना ठाऊक. गंमत पुढेच आहे. त्याच साहेबांच्या हाताखाली काम करणारी, त्यांच्या मर्जीतली म्हणून ओळखली जाणारी एक बाई त्याच डब्यात, ताईंच्या समोरच्या बाकावर असते. तिने काय करावं? उठून जावं तर जायला जागा नाही. विरार लोकलमध्ये निषेध म्हणून सभात्याग करता येत नाही, हा या गाडीचा फार मोठा सांस्कृतिक गुण आहे. तिने चिपळ्या उचलल्या आणि ठेका धरला. जरा जोरातच धरला.

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे. गाण्यातून कुणाची उणीदुणी काढणं ही काही मोठी कला नव्हे. ते कोणीही करतं. ज्याची काढली त्याच्याच हाती टाळ देणं, ही कला. आणि त्यात आपला हात धरणारं जगात कोणी नाही.

नवरात्रात आमच्या डब्यात भोंडला होतो. हत्तीचं चित्र काढलेला पाट ठेवायला जागा नसते, म्हणून हत्ती कुणाच्या तरी मोबाइलवर असतो आणि तो मोबाइल वरच्या कडीला टांगलेल्या पिशवीतून सोंड बाहेर काढून झुलत असतो. फेर धरता येत नाही. सगळ्या जागच्या जागी पाय हलवतात, त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच्या पायावर. भोंडल्याची गाणी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. सासू माहेरी धाडत नाही. रजा मागितली तर आधी कारल्याचं बी पेरण्यापासून थेट भाजी शिजून खरकटी निघेपर्यंतची कामं सांगते. एक झालं की दुसरं. बांधकामाचा दाखला काढायला गेलेल्या माणसाला हे गाणं अंगावर काटा आणणारं वाटतं, कारण फाइल अशीच फिरते. एका टेबलावर वेल चढू द्या, दुसऱ्यावर फूल येऊ द्या, तिसऱ्यावर "साहेब जेवायला गेलेत."

तर आमच्या डब्यात एक सासू-सुनेची जोडी आहे. दोघी नायगावला चढतात, दोघी नोकरीला, डबा एकीने भरलेला आणि दुसरीने "मीठ कमी आहे" म्हणून प्रमाणित केलेला. भोंडल्यात सासूवरचं कडवं आलं की सून डोळ्यांत चमक आणून गाते. म्हणजे इतर कडव्यांत ती नुसती ओठ हलवते. या कडव्याला तिचा पंचम लागतो. आणि सासू? सासू तिच्याहून वरच्या सुरात गाते! मी बरेच दिवस या बाईचा मोठेपणा मनात वाखाणत होते. मग कळलं की तिची स्वतःची सासू अजून ठणठणीत आहे आणि घरी पणतूला सांभाळते. म्हणजे एकाच ओळीतून दोघी जणी दोन वेगवेगळ्या बायकांना धुऊन काढत होत्या, आणि शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींना ताल देत होत्या. त्या घरातल्या म्हातारीला कोणी भोंडल्याला उभं केलं असतं तर तिनेही कुणाला तरी उद्देशून सूर लावलाच असता.

घरोघरचा भोंडला आठवून पाहा. अंगणात सुना आणि लेकी फेर धरून सासूच्या नावाने खडे फोडताहेत, आणि आत ओट्याशी पदर खोचून त्यांच्यासाठी खिरापत कोण करतंय? सासूच. गाणी संपली की ती डबा घेऊन बाहेर येते आणि "ओळखा पाहू, गोड की तिखट?" म्हणून विचारते. ज्या बायकांनी आत्ता आपल्याला जाहीरपणे दुष्ट ठरवलं त्यांच्या हातावर ती वाटली डाळ ठेवते. जगातल्या कुठल्या खटल्यात फिर्यादीला आरोपीकडून नाश्ता मिळतो?

जात्यावर तर याहून पुढची पायरी. जात्याच्या खुंट्याला दोन बाया लागायच्या. बऱ्याचदा त्यातली एक सून आणि दुसरी सासू किंवा जाऊ. पहाटेच्या अंधारात एक गाणार आणि दुसरीने जातं ओढायचं. गाणारी जिच्याबद्दल गातेय तिचाच हात त्याच खुंट्यावर. हात काढावा तर पीठ पडत नाही, पीठ पडलं नाही तर भाकरी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी हिंडून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाखभर! एवढ्या तक्रारी कुठल्या महापालिकेकडेही नोंदल्या गेल्या नसतील, आणि गेल्या असत्या तर त्या "निकाली काढल्या" गेल्या असत्या. ओव्या निदान उरल्या.

आणि जनाबाई. नामदेवाच्या घरची दासी. पण विठोबाला तिने अभंगातून ज्या शिव्या घातल्या आहेत त्या आज कोणी समाजमाध्यमावर घातल्या तर संध्याकाळपर्यंत भावना दुखावल्याची तक्रार दाखल होईल. त्यावर देवाने काय केलं? आख्यायिका अशी की तो येऊन तिच्याबरोबर दळायला बसला. खुद्द पंढरीचा राणा, ज्याच्या नावाने हा सगळा शिमगा चालला आहे तोच खुंटा ओढतोय. माझ्या मताला याहून मोठा पुरावा नको.

एकनाथांनी यात एक फार हुशार सोय करून ठेवली. त्यांच्या त्या प्रसिद्ध भारुडात एक सून भवानीला नवस बोलते की सासरा, सासू, नणंद, सगळी एकेक करून मार्गी लाव आणि मला एकटीला मोकळी ठेव. गाणं ऐकताना अख्खा गाव खदखदून हसतो. मग कीर्तनकार गंभीर होऊन सांगतात की यातली सासू म्हणजे अमुक विकार, नणंद म्हणजे तमुक वासना. असेलही. नाथांचं म्हणणं नाथांना ठाऊक. पण ऐकायला बसलेल्या बायकांपैकी कितीजणींच्या डोळ्यांसमोर विकार आणि वासना उभ्या राहत असतील आणि कितीजणींच्या डोळ्यांसमोर नऊवारी नेसलेली एक ठरावीक मूर्ती, हे ज्याने त्याने ओळखावं. आजचे गायक कोर्टात "हे पात्र काल्पनिक आहे" असं प्रतिज्ञापत्र देतात. आपल्याकडे ती जबाबदारी अध्यात्माने चारशे वर्षांपूर्वीच उचलली आहे.

तुकोबांचं मात्र मला थोडं वेगळं वाटतं. दिवाळं निघालं, दुष्काळ पडला, बायको कर्कशा मिळाली, हे सगळं बरंच झालं म्हणून त्यांनी एका अभंगात देवाचे आभार मानले आहेत. अभंग मोठाच, त्याबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण आवलीची बाजू? भंडाऱ्याच्या डोंगरावर उन्हातान्हात भाकरी घेऊन जाणाऱ्या त्या बाईने उत्तरादाखल एखादी ओवी म्हटलीच असेल की. तिची गाथा इंद्रायणीत बुडवायची वेळ आली नाही, कारण ती कोणी लिहूनच घेतली नाही. इथे टाळ आरोपीच्या हाती गेले नाहीत, ही या प्रकरणातली त्रुटी म्हणून नोंदवते आणि पुढे जाते.

आता कोणी म्हणेल, हे सगळं जुनं. हल्लीचे गायक बघा, तिकडे अमेरिकेत तर प्रेमभंग झाला की महिन्याभरात गाणं बाहेर. बरोबर आहे. पण त्यांच्यातलेही जे टिकले ते आमच्या पद्धतीनेच टिकले. 'फ्लीटवुड मॅक' नावाची एक मंडळी. त्यांनी १९७७ साली 'रूमर्स' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी या मंडळीतल्या एका जोडप्याचा घटस्फोट झालेला, दुसऱ्या जोडीचं फाटलेलं, आणि ड्रमवाल्याच्या घरीही सगळं मोडकळीला आलेलं. विरार लोकलच्या एका बाकावर बसवता येतील इतकी पाच माणसं, आणि एकमेकांशी धड बोलायची सोय नाही. लिंडसे बकिंगहॅमने आपल्याला सोडून गेलेल्या स्टीव्ही निक्सवर गाणं लिहिलं. त्यात तिच्यावर एक ठपका होता, तो तिला अजिबात मान्य नव्हता. पण झील कोण धरणार? मंडळीत ती होती, तिनेच धरली; आणि पुढे वर्षानुवर्षं रंगमंचावर त्याच्या शेजारी उभी राहून धरत राहिली. क्रिस्टीन मॅकव्हीने आपल्या नव्या प्रेमाबद्दल आनंदाने ओसंडणारं गाणं लिहिलं. त्याला बेस गिटार वाजवणारा जॉन मॅकव्ही हा तिचा घटस्फोटित नवरा. त्याला तिने सांगितलं की गाणं कुत्र्यावर आहे.

आहे की नाही एकनाथी युक्ती? सासू म्हणजे विकार, आणि प्रियकर म्हणजे कुत्रा. बिचाऱ्याने मन लावून वाजवलं. कोट्यवधी प्रती खपल्या.

कार्ली सायमनचं १९७२ सालचं गाणं असंच. एका स्वतःवर खूष असलेल्या पुरुषाची तिने त्यात पार हजामत केली आणि तो कोण हे वर्षानुवर्षं सांगितलं नाही. लोकांचा एक संशय मिक जॅगरवर होता. तो जॅगर त्याच गाण्यात मागे कोरसमध्ये गातोय! याला म्हणतात निर्ढावलेपण. २००३ साली तिने हे नाव धर्मादाय लिलावात काढलं. एका दूरचित्रवाणी अधिकाऱ्याने ५० हजार डॉलर मोजून ते ऐकलं, आणि अट ही की कोणाला सांगायचं नाही. आमच्या डब्यात असली माहिती भाईंदर येईपर्यंत फुकट मिळते, आणि कोणाला सांगू नको ही अट असतेच. पुढे २०१५ साली तिने एक कडवं वॉरन बीटी या नटावर असल्याचं मान्य केलं, आणि वर सांगितलं की त्याला वाटतं अख्खं गाणंच त्याच्यावर आहे. हा अनुभव मात्र कुठल्याही सोसायटीतल्या कुठल्याही पदाधिकाऱ्याला लागू पडतो.

शकिरा तर थेट भोंडल्यातली. २०२३ च्या जानेवारीत तिने आपल्याला सोडून गेलेल्या फुटबॉलपटू पिकेवर गाणं काढलं. तू फेरारी देऊन ट्विंगो घेतलीस, अशा अर्थाचा त्यात एक टोमणा आहे. फेरारी म्हणजे शकिरा. ट्विंगो ही तिकडची छोटी स्वस्त गाडी, म्हणजे नवी मैत्रीण. पण मला जे भावलं ते दुसरंच. जाताना सासू माझ्या शेजारी ठेवून गेलास, हीसुद्धा तक्रार तिने त्यात घातली आहे. कोलंबियाची बाई, तेव्हा स्पेनमध्ये राहणारी, आणि मुद्दा काय, तर सासू शेजारी राहते! त्यानंतर पिके एका कार्यक्रमाला खरोखरच ट्विंगो चालवत आला. टाळ घेतले म्हणायचे त्याने हाती. उशिरा का होईना.

रॅपर ड्रेकने नाही घेतले. २०२४ मध्ये त्याची आणि केंड्रिक लमारची जी शाहिरी लागली ती म्हणजे आपल्या कलगी-तुऱ्यासारखीच: एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने रातोरात जवाब घेऊन हजर व्हायचं. शेवटी केंड्रिकच्या एका गाण्याने ड्रेकला पार झोपवलं. त्यावर ड्रेकने सरळ कोर्ट गाठलं आणि दावा कोणावर लावला, तर ज्या कंपनीतून त्याची स्वतःची गाणी निघतात तिच्यावर, कारण केंड्रिकचं गाणं तिनेच वितरित केलं होतं. दाव्याचे कागद फिरत असताना त्या गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. म्हणणं असं की अशा जुगलबंदीतलं बोलणं कोणी शब्दशः खरं धरत नाही. आमच्याकडचा तमासगीर हे फीसुद्धा न घेता सांगून गेला असता. फडावर सवालाला उत्तर सवालानेच द्यायचं. मामलेदाराकडे जायचं नाही.

मुंबईने हे २०१७ च्या जुलैत नव्याने शिकून घेतलं. त्या वर्षी सोनूचं गाणं घराघरात होतं. माझ्यावर तुझा विश्वास आहे की नाही, एवढाच त्याचा आशय. पण त्या एका प्रश्नावर गल्लीपासून कॉलेजपर्यंत प्रत्येकाने आपापली आवृत्ती काढली. रेड एफएमच्या मलिष्काने ती चाल उचलली आणि तोच प्रश्न मुंबईला, महापालिकेबद्दल विचारला. खड्डे, तुंबलेली गटारं, रखडलेल्या गाड्या. पावसाळ्यातल्या मुंबईकराने चहाच्या टपरीवर म्हणावं त्याहून तिखट त्यात काही नव्हतं. फक्त चाल होती.

पालिकेला दोन मार्ग होते. एक म्हणजे ठेका धरायचा. आयुक्तांनी आपल्या दालनात बसून नुसती मान डोलावली असती तरी आठवड्यात प्रकरण थंड झालं असतं. दुसरा मार्ग पालिकेने निवडला. आरोग्य खात्याची माणसं मलिष्काच्या आईच्या वांद्र्याच्या घरी जाऊन पोचली, कुंडीखालच्या ताटलीत डेंग्यूच्या डासाच्या अळ्या शोधून काढल्या आणि नोटीस बजावली. मुंबईभर रस्त्यात तळी साचलेली असताना एवढ्याशा ताटलीतली अळी सापडणं ही कार्यक्षमता वाखाणण्याजोगी खरी. नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रुनुकसानीची भाषा केली. ५०० कोटी! एवढ्यात कितीतरी खड्डे बुजले असते, असं लोक म्हणाले, आणि ज्यांनी गाणं ऐकलं नव्हतं त्यांनीही ते शोधून ऐकलं. सत्ताधारी शिवसेनेच्या बाजूने मग त्याच चालीवर उत्तराचं गाणंही आलं. उत्तर गाण्याने दिलं हे मला मनापासून आवडलं. परंपरेला धरून होतं. फक्त क्रम चुकला. आधी अळ्या आणि मग ओळी, असं करून चालत नाही. पुढच्या पावसाळ्यात मलिष्का 'झिंगाट'ची चाल घेऊन परत आली. खड्डेही परत आले होतेच.

त्यानंतर २०२३ मध्ये सरकारवर रॅप करणाऱ्या पोरांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हाही मला हेच वाटलं. अरे, गाणं ऐकून पोलीस ठाण्याकडे काय धावता? जातं ओढा की.

विरारबद्दल बोलताना लोकांना नट गोविंदा आठवतो. मला त्याची आई आठवते. निर्मला देवी ठुमरी गायच्या, आणि चांगल्या ठुमरीत शंभरातली नव्वद गाऱ्हाणीच असतात: तो आला नाही, सवतीकडे राहिला, मनगट धरलं, बांगडी मोडली. मुंबईतले चढउतार बघून हे कुटुंब विरारला राहायला आलं. तेव्हाचं विरार म्हणजे वाड्या, विहिरी आणि एखाददुसरी गाडी. त्या शांततेत कुणीतरी रियाजाला बसून एकाच तक्रारीला तासभर वेगवेगळ्या बाजूंनी आळवतं आहे, असं मी कधी कधी मनात आणते. आज त्याच गावात एका तक्रारीला तासभर देणं परवडत नाही. रांग मोठी आहे.

आमच्या पापडी-सांडोरकडच्या ख्रिस्ती लग्नात वऱ्हाड ब्रास बँडवर डोलत येतं ते सगळे बघतात. बघायचं ते पुढे, लाल लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या एका बाजूला बसून गाणी सुरू करतात तेव्हाचं. बोली त्यांची, आवाज थरथरता, चेहरे प्रार्थनेला बसल्यासारखे. मी अशाच एका लग्नात शेजारणीला विचारलं, "काय छान भक्तिगीत आहे ना?" ती म्हणाली, "भक्तिगीत कसलं? विहिणीने आहेरात कंजुषी केली, ते चाललंय." मी विहिणीकडे पाहिलं. ती गालातल्या गालात हसत टाळ्या वाजवत होती, आणि दुसऱ्या हाताने पर्स घट्ट धरून होती. दोन्ही कशी काय जमवली कोण जाणे.

आता आमच्या सोसायटीचं. वसई-विरारमध्ये सोसायटी म्हटली की पाण्याचा टँकर आला, आणि टँकर आला की सेक्रेटरी, खजिनदार आणि हिशेब ही त्रिमूर्ती आली. आमच्याकडे या विषयावर सर्वसाधारण सभा व्हायच्या. त्यांत कोणी कोणाचं ऐकत नसे, इतिवृत्तात "खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली" असं लिहिलं जाई आणि टँकर पुन्हा बी विंगलाच आधी लागत असे. शेवटी गणपतीत भजनाला येणाऱ्या बुवांनी हे काम हातात घेतलं. ते आमच्याच ए विंगचे. रात्रीच्या भजनात नेहमीप्रमाणे गवळणीवर आले आणि हात वर करून सुरू झाले:

टँकर आला गोकुळात, नळी कुणी वळविली गं?
ए विंगच्या राधेची घागर कोरडी राहिली गं!

मांडवात हशा पिकला. सेक्रेटरी काका पहिल्याच रांगेत टाळ घेऊन बसलेले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सगळी सोसायटी टाळ वाजवतेय, आणि आपण थांबलो तर नळी आपणच वळवली हे शाबीत होईल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि अशी की पुढच्या आवर्तनाला बुवांना लय वाढवावी लागली. आरतीनंतर प्रसादाच्या वेळी ते बुवांजवळ आले. मला वाटलं, आता जुंपणार.

"बुवा," काका म्हणाले, "पाण्यावर एकच कडवं केलंत. मेंटेनन्स थकवणाऱ्यांचं काय?"

"त्यांची नावं कशी घालणार?" बुवा म्हणाले.

"नावं नको. फ्लॅट नंबर घाला. यमक मी देतो. तीनशे दोन, चारशे दोन, पाचशे दोन, चालीत बसतं."

आणि बसलं. दुसऱ्या रात्री काका स्वतः झील धरायला उभे राहिले. चारशे दोनवाले गृहस्थ सहकुटुंब मांडवात होते; त्यांची मुलगी आनंदाने "आपलं घर, आपलं घर" म्हणून ओरडली आणि ते पुढचा अर्धा तास बाप्पाच्या मुकुटाकडे एकटक बघत टाळ्या वाजवत राहिले. विसर्जनापर्यंत रोज एक कडवं वाढत गेलं. पार्किंग आलं, गच्चीची किल्ली आली, गॅलरीतून झाडांचं पाणी खालच्या वाळवणावर सोडणारी एक राधा आली. ज्याच्यावर कडवं नाही त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं की, आमचं कुणाशी काहीच भांडण नाही का गं?

एकच कडवं अजून कुणाला नीट ऐकू आलेलं नाही. ते रंगकामाच्या हिशेबाबद्दल आहे, एवढं पहिल्या दोन शब्दांवरून कळतं. पण आमच्या भजनाला पखवाज खजिनदार वाजवतात. ते कडवं आलं की त्यांचा हात असा काही चालतो, दुगण काय, चौगण काय, तिहाईवर तिहाई, की मांडवाची ताडपत्री थरथरते आणि बुवांचे नुसते ओठ हलताना दिसतात. कडवं संपलं की पखवाज पुन्हा गरीब गाईसारखा धीम्या लयीत. लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. यंदा वार्षिक सभेत त्यांना उत्कृष्ट साथीबद्दल शाल-श्रीफळ देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक सेक्रेटरी. शालीचा खर्च रंगकामाच्या शिलकीतून करावा, अशी उपसूचना ए विंगकडून आली; तिच्यावर मात्र खजिनदारांनी वेळ मागून घेतला आहे.